पोटगीचा हुकूम आणि एका वर्षाची मुदत

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. मधली सुट्टी संपत आली होती आणि मी वह्या गोळा करत होते. सातवीतल्या एका मुलीची आई शिक्षक खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत घड्या घालून घालून मऊ पडलेले कागद.

"मॅडम, कोरट का कागद है, मराठी में लिक्के. जरा पढ के बोलो ना, इसपे अब भी पैसे मिलते क्या?"

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं. मोहल्ल्यात घरोघरी दखनी बोलली जाते, मुलं उर्दूत शिकतात आणि सरकारचा प्रत्येक कागद मराठीत येतो. त्यामुळे मराठीच्या शिक्षिकेकडे निबंधांच्या वह्यांबरोबर रेशनकार्डाचे अर्ज, विम्याची पत्रं, लाइटबिलाच्या नोटिसाही येतात. हा कागद मात्र वेगळा होता. तो पोटगीचा हुकूम होता.

नोव्हेंबर २०२१ चा हुकूम. बाई आणि तिची दोन मुलं मिळून दरमहा ४,००० रुपये. नवऱ्याने डिसेंबर ते मार्च असे चार महिने पैसे दिले. मग तो हैदराबादला गेला, तिथे दुसरा संसार मांडला आणि पैसे बंद केले. हिला तलाक दिलेला नाही आणि नांदवतही नाही. एप्रिल २०२२ पासून जानेवारी २०२५ पर्यंत चौतीस महिने झाले होते. चौतीस गुणिले चार हजार, म्हणजे १,३६,००० रुपये. विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईसाठी ही रक्कम म्हणजे मुलांची शाळा, घराचं भाडं आणि म्हाताऱ्या आईचं औषध.

मी तिला विधी सेवा समितीच्या वकिलांकडे घेऊन गेले. त्यांनी कागद वाचले, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाले, "मागच्या बारा महिन्यांच्या रकमेसाठी वॉरंट मागता येईल. त्याआधीच्या बावीस महिन्यांची मुदत गेली."

बावीस महिने म्हणजे ८८,००० रुपये.

बाई माझ्याकडे बघत राहिली. तिला मुदत हा शब्द चांगला ठाऊक होता, बचत गटाच्या कर्जाला मुदत असते. पण कोर्टाने स्वतः दिलेल्या हुकमालाही मुदत असते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही ते त्या दिवशी कळलं. बी.एड. झालेली, रोज वर्तमानपत्र वाचणारी, शाहबानो खटल्यावर व्याख्यान देऊ शकेल अशी मी. मला हा साधा नियम माहीत नव्हता. म्हणून हा लेख.

आधी नियम काय आहे ते सांगते. पोटगीचं कलम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तेच कलम १४४ झालं. हुकूम मोडणाऱ्याविरुद्ध काय करता येतं, ते तिसऱ्या पोटकलमात आहे. दंड वसूल करतात तशी थकबाकी वसूल करण्यासाठी वॉरंट निघतं, मालमत्तेची जप्ती होऊ शकते आणि तरीही पैसे भरले नाहीत तर दर महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. त्याच पोटकलमाला एक परंतुक जोडलेलं आहे: रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला नसेल, तर तिच्या वसुलीसाठी वॉरंट निघणार नाही. ही अट इंग्रजांच्या १८९८ च्या संहितेतल्या ४८८ व्या कलमातही होती. १९७३ ला नवी संहिता आली, अट राहिली. २०२३ ला आणखी नवी संहिता झाली, तरी अट राहिली. कलमांचे नंबर बदलले, इंग्रजांच्या खुणा पुसल्याचा गाजावाजा झाला, पण या एका वर्षाला कुणी हात लावला नाही.

आता दुसऱ्या राज्याचा प्रश्न. आमच्या भागात हा प्रश्न नवा नाही. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात होतं आणि पलीकडे निजामाची हद्द सुरू व्हायची. त्या काळी सोलापूरच्या कोर्टासाठी गुलबर्ग्याचं कोर्ट म्हणजे परक्या मुलखाचं कोर्ट. आज तशी हद्द उरलेली नाही. राज्यघटनेच्या २६१ व्या अनुच्छेदाप्रमाणे देशातल्या कुठल्याही दिवाणी कोर्टाच्या अंतिम निकालाची अंमलबजावणी देशात कुठेही होऊ शकते. पोटगीच्या हुकमासाठी तर जुन्या संहितेत कलम १२८ होतं आणि नव्या संहितेत कलम १४७ आहे. ज्याच्याविरुद्ध हुकूम झाला तो माणूस जिथे असेल, तिथल्या दंडाधिकाऱ्याकडे हुकमाची अंमलबजावणी मागता येते. दोन्ही पक्षांची ओळख पटली आणि पैसे दिलेले नाहीत याची खात्री झाली की पुरे. हुकमाची नक्कल ज्याच्या बाजूने हुकूम झाला त्याला विनामूल्य द्यायची, हेही त्याच कलमात लिहिलेलं आहे.

म्हणजे कागदावर सगळी सोय आहे. अडचण अशी की वर्ष संपायला सुरुवात होते ती पैसे थकल्या दिवसापासून, नवऱ्याचा पत्ता सापडल्या दिवसापासून नाही. या बाईला नवरा हैदराबादच्या कुठल्या मोहल्ल्यात राहतो हे कळायला दीड वर्ष गेलं. एका वकिलाने तिला आधीच परत पाठवलं होतं, "पत्ता आणा, मग बघू." पत्ता येईपर्यंत पहिल्या सहा महिन्यांच्या रकमेची मुदत संपलेली होती. आखातात गेलेल्या नवऱ्यांच्या बायकांची तर याहून वाईट अवस्था आहे. मुदत कायद्यात साध्या दाव्यांसाठी एक सवलत आहे. प्रतिवादी भारताबाहेर असेल तर तो काळ दावा दाखल करण्याच्या मुदतीत धरत नाहीत. पोटगीच्या या परंतुकात तशी कुठलीही सवलत लिहिलेली नाही. घर सोडून पळालेल्या माणसाचं पळणंच त्याच्या कामी येतं.

परक्या देशाच्या निकालांचंही एक उदाहरण देते, कारण आपल्यातली पुष्कळ घरं दुबई-शारजाशी जोडलेली आहेत. १९९५ मध्ये लंडनच्या एका कोर्टाने एका भारतीय बँकेच्या बाजूने दुसऱ्या बँकेविरुद्ध निकाल दिला. त्याची अंमलबजावणी भारतात मागितली गेली २००९ मध्ये, चौदा वर्षांनी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०२० मध्ये निकाल लागला. बँक ऑफ बडोदा विरुद्ध कोटक महिंद्रा बँक या नावाने तो ओळखला जातो. कोर्टाने सांगितलं की परदेशी हुकूमनाम्यासाठी मुदत मोजायची ती ज्या देशात निकाल लागला त्या देशाच्या कायद्याने. इंग्लंडमध्ये ती सहा वर्षं आहे, ती संपली असेल तर भारतात येऊन तो निकाल जिवंत होत नाही. त्याच वर्षी जानेवारीत केंद्र सरकारने संयुक्त अरब अमिरातीच्या कोर्टांचे पैशांचे निकाल भारतात थेट अंमलात आणता येतील अशी अधिसूचना काढली. म्हणजे तिकडे कर्ज बुडवून गावी परतलेल्या माणसाच्या मागे तिकडचा निकाल इथपर्यंत येऊ शकतो.

हे वाचताना मी आकडे एकाखाली एक लिहिले. इंग्लंडचा निकाल असेल तर सहा वर्षं. भारतातल्या दिवाणी कोर्टाचा पैशांचा हुकूमनामा असेल तर दरखास्त दाखल करायला बारा वर्षं. त्यात बँक असो, सावकार असो की कंपनी. आणि पोटगीच्या वॉरंटसाठी एक वर्ष. ज्यांच्याकडे वकिलांची फौज आहे त्यांना बारा वर्षं आणि जिला हुकूम वाचून घ्यायला मुलीच्या शाळेत यावं लागतं तिला एक. ही वाटणी मला कुणीतरी न्यायाच्या भाषेत समजावून सांगावी.

समजावून सांगणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी ऐकलं आहे. ते वकीलसाहेबच म्हणाले, "मॅडम, ही वसुली साधी नाही. यात माणूस तुरुंगात जातो. बायको पाच वर्षं गप्प बसली आणि एके दिवशी अडीच लाखांचं वॉरंट घेऊन आली, तर हातावर पोट असलेला माणूस काय करेल? म्हणून कायदा म्हणतो, वेळेत या." यात तथ्य आहे. आमच्या मोहल्ल्यातले नवरेही काही मालदार नाहीत, कुणी रिक्षा चालवतो, कुणी भंगार गोळा करतो. थकबाकीचा डोंगर होऊ नये हे दोघांच्याही भल्याचं आहे.

ते आणखी एक म्हणाले आणि तेही खरं आहे. एक वर्ष गेलं म्हणून पैशांवरचा हक्क जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पूनगोडी विरुद्ध थंगवेल या खटल्यात हे स्पष्ट केलं. परंतुकामुळे फक्त वॉरंट आणि कैद हा झटपट रस्ता बंद होतो, दिवाणी मार्गाने थकबाकी मागण्याचा हक्क शिल्लक राहतो. नोव्हेंबर २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा या निकालात तर कोर्टाने सांगितलं आहे की पोटगीचा हुकूम दिवाणी कोर्टाच्या पैशांच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येईल.

पण हा शिल्लक राहिलेला रस्ता कसा आहे तेही बघा. दिवाणी मार्ग म्हणजे वेगळं प्रकरण, वेगळ्या तारखा, मालमत्तेची यादी, बेलिफ आणि तेही दुसऱ्या राज्यात. विड्यांचा एक दिवस बुडाला की त्या दिवसाची मजुरी बुडाली. अशी बाई हैदराबादच्या किती तारखांना जाईल? पोटगीचं कलम मुळात केलं तेच उपाशी बाईला दिवाणी दाव्याच्या चक्रात न टाकता लवकर घास मिळावा म्हणून. आणि उशीर झाला म्हणून तिला पुन्हा त्याच चक्रात टाकायचं, हे कलमाच्या हेतूलाच धरून नाही.

आणि उशीर म्हणजे तरी काय? कायद्याच्या पुस्तकात एक जुनं तत्त्व आहे की जागं असणाऱ्याला कायदा मदत करतो, झोपलेल्याला नाही. मी तिला विचारलं, इतके दिवस काय करत होतीस? तिने सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते. पहिल्या वर्षी थोरल्या दिराने शब्द दिला, "भाबी, मैं समझाता उसको, कोरट-कचेरी नको." मग जमातीच्या पंचांनी दोनदा बैठक घेतली आणि नवऱ्याकडून फोनवर कबूल करून घेतलं. मग रमजान आला, सगळे म्हणाले ईदनंतर बघू. मग मोठ्या मुलाला टायफॉइड झाला. प्रत्येक वेळी तिला एकच शब्द सांगितला गेला: सब्र.

ती झोपली नव्हती. आपण सगळ्यांनी मिळून तिला थांबवून ठेवलं होतं. तिच्या सब्राचा एकेक महिना नवऱ्याच्या खिशात जमा होत होता. समझोता करू बघणाऱ्या पंचांच्या मनात खोट नव्हती हे मी मान्य करते. पण ८८,००० रुपयांचा फटका कुणाला बसला? पंचांना नाही.

इथे माझ्या बिरादरीतल्या भावांशी थोडं बोलायचं आहे. पोटगीचा विषय निघाला की आपली चर्चा लगेच शरियतमध्ये हस्तक्षेप झाला की नाही, यावर जाते. १९८५ चा शाहबानोचा निकाल, १९८६ चा कायदा, २००१ चा डॅनियल लतीफी निकाल, १० जुलै २०२४ चा मोहम्मद अब्दुल समद विरुद्ध तेलंगणा राज्य हा निकाल. हक्क आहे की नाही यावर आपण चाळीस वर्षं भांडलो. हक्क मिळाल्यावर पैसे हातात पडले का, हे विचारायला कुणी उरत नाही. बरं, या बाईच्या बाबतीत तो वादही लागू नाही. ती तलाकशुदा नाही, निकाहात आहे. पत्नीचा नफका नवऱ्यावर आहे, यावर कुठल्याही मसलकमध्ये दुमत नाही.

थकलेल्या नफक्याबद्दल मात्र इमामांमध्ये मतभेद आहेत आणि ते आपल्या महाराष्ट्रातच दोन्ही बाजूंनी दिसतात. कोकणातले मुसलमान शाफई आहेत. शाफई फिक्हप्रमाणे पत्नीचा न दिलेला नफका नवऱ्यावर कर्ज म्हणून राहतो. आम्ही घाटावरचे बहुतेक हनफी. हनफी मताप्रमाणे मागचा नफका आपोआप कर्ज होत नाही. पण काझीने रक्कम ठरवून दिली किंवा दोघांनी आपसांत ठरवली, तर तो कर्ज होतो. या प्रकरणात कोर्टाने रक्कम ठरवलेली आहे आणि पंचांपुढे नवऱ्याने ती कबूलही केली आहे. मग हनफी असो की शाफई, हे कर्जच. कर्जाबद्दल कुरआनात काय ताकीद आहे ते आपण मुलांना शिकवतो: कर्ज लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा. माणूस गेला तर वारशाची वाटणी कर्ज फेडल्यानंतर.

उस्मानी तुर्कांनी एकोणिसाव्या शतकात हनफी फिक्हवर आधारलेली मजल्ला ही दिवाणी संहिता तयार केली. तिच्यातही मुदत होती. साधारण दाव्यांसाठी पंधरा वर्षं, त्यानंतर काझी दावा ऐकणार नाही. पण काळ लोटला म्हणून हक्क बुडत नाही, हेही त्याच संहितेत लिहिलेलं होतं. कोर्टाचं दार बंद झालं तरी देणेकऱ्याच्या मानेवरचं ओझं तसंच राहतं. पूनगोडी निकालातला विचार याच्या फार जवळचा आहे. म्हणून ज्या नवऱ्याला वाटतं की वर्ष निघून गेलं, आता सुटलो, त्याला आपल्या पंचांनी सांगायला हवं की कोर्टाचं वॉरंट चुकलं असेल, कर्ज चुकलेलं नाही. नफक्याचा प्रश्न शरियतचा आहे असं म्हणणाऱ्या प्रत्येकावर हे सांगण्याची जबाबदारी येते.

आता कायद्याकडून माझी अपेक्षा. ही एका वर्षाची अट काढून टाकावी असं माझं मत आहे. वकीलसाहेबांची तुरुंगाची भीती खरी असेल, तर कैदेसाठी वेगळी मर्यादा ठेवा, पण जप्ती आणि पगारातून वसुली यांना एका वर्षाची कात्री नको. एवढं जमत नसेल तर निदान तीन गोष्टी करता येतील. नवरा पत्ता लपवून दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात गेला असेल, तर तो काळ मुदतीत धरू नये. उशिराचं योग्य कारण असेल तर तो माफ करण्याचा अधिकार कलमातच स्पष्ट लिहावा. आणि पोटगीच्या प्रत्येक हुकमाच्या शेवटी, बाईला वाचता येईल त्या भाषेत, मोठ्या अक्षरात एक ओळ छापावी की पैसे थकले तर एक वर्षाच्या आत अर्ज करा. विजेच्या बिलावर शेवटची तारीख छापता येते, तर कोर्टाच्या हुकमावर का नाही?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या हातात काय आहे, ते आयाबहिणींसाठी आणि त्यांच्या शिकलेल्या मुलामुलींसाठी लिहून ठेवते.

पैसे थकले की समझोत्याची वाट बघत बसू नका. पंचांची बैठक होऊ द्या, पण अर्ज आधी देऊन ठेवा. मुदतीत दिलेला अर्ज कोर्टात प्रलंबित असेल, तर पुढे थकत जाणारी रक्कम त्यात जोडून मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या शांता विरुद्ध शिवनंजप्पा खटल्यात म्हटलं आहे. म्हणजे पहिला अर्ज वेळेत जाणं सगळ्यात महत्त्वाचं. नवरा महिनाभर तुरुंगात बसून आला तरी त्याची थकबाकी फिटत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच कुलदीप कौर खटल्यात सांगून ठेवलं आहे. तो दुसऱ्या राज्यात असेल तर तिथल्या दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. हुकमाची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्या आणि तिच्या दोन झेरॉक्स वेगळ्या ठेवा. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा त्यांचा फोन नंबर आहे.

मशिदीच्या नोटीस बोर्डावर चंदा आणि नमाजच्या वेळा असतात. तिथे हा नंबर आणि "एक वर्षाच्या आत" हे तीन शब्द लिहायला काय हरकत आहे? मी आमच्या मशिदीच्या कमिटीकडे ही मागणी केली आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

त्या बाईचा बारा महिन्यांचा अर्ज जानेवारीतच दाखल झाला. वॉरंट हैदराबादला गेलं. एक तारीख, दोन तारखा, आणि मग तीन महिन्यांचे पैसे, १२,००० रुपये, आले. बाकीचे येतील की नाही माहीत नाही. बावीस महिन्यांसाठी दिवाणी मार्गाचा विचार वकीलसाहेब करत आहेत.

मी तिला एक शंभर पानी वही दिली. प्रत्येक पानावर एक महिना, वर तारीख, खाली "आले" किंवा "नाही आले". ती सही करते आणि शेजारी तिची मुलगी मराठीत लिहिते. मागच्या वेळी वही बघितली तर मुलीने पहिल्या पानावर स्वतःहून एक ओळ लिहून ठेवली होती: अम्मीची मुदत. त्याखाली पुढच्या अर्जाची शेवटची तारीख होती, लाल पेनने दोनदा अधोरेखित केलेली.